फटीतून आलेले धन



गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. नववीचा गणिताचा तास नुकताच संपला होता आणि मुले डबे उघडण्याच्या घाईत होती. एक मुलगा मात्र माझ्या टेबलापाशी घुटमळत उभा राहिला. काय हवे आहे असे विचारताच तो खालच्या आवाजात म्हणाला, "टीचर, जी गोष्ट खेळच आपल्याला करू देतो, ती चोरी कशी होईल?"

प्रश्नामागची हकीकत अशी होती. हा मुलगा आणि त्याचे चार-पाच मित्र संध्याकाळी मोबाइलवर एक खेळ खेळतात. त्या खेळात देशोदेशीचे लोक एकाच वेळी वावरत असतात. त्यांची शेते असतात, घोडे असतात, पेटीत साठवलेली नाणी असतात. या मुलाला एके दिवशी असे आढळले की, एखादी वस्तू पेटीत ठेवताना नेमक्या क्षणी नेटची जोडणी तोडली, तर ती वस्तू पेटीतही जाते आणि हातातही उरते. एकाची दोन झाली, दोनाची चार झाली. तीन दिवसांत तो मित्रमंडळीत सर्वांत श्रीमंत झाला. चौथ्या दिवशी त्याच्या जिवलग मित्राने त्याला चोर म्हटले आणि बोलणे टाकले.

त्या वेळी मी त्याला जे उत्तर दिले त्याची मला आज लाज वाटते. "हे खेळ पुरे झाले, आता बीजगणिताकडे लक्ष दे," असे सांगून मी त्याला वाटेला लावले. ते उत्तर नव्हते, ती टाळाटाळ होती. मूल जेव्हा आपण होऊन न्यायान्यायाचा प्रश्न घेऊन येते, तेव्हा तो प्रश्न खेळातला आहे की खऱ्या व्यवहारातला, हे पाहून त्याची किंमत ठरवू नये. म्हणून पुढील काही आठवडे मी या विषयाची जमेल तेवढी माहिती मिळवली. तिच्यातून मला जे उमगले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, हे खेळ आपल्या लहानपणच्या पत्त्यांसारखे किंवा सोंगट्यांसारखे नाहीत. पत्त्यांचा डाव मोडला की हुकमाचा एक्कासुद्धा पुन्हा कागदाचा तुकडा होतो. ऑनलाइन खेळातील डाव मोडतच नाही. आपण झोपलो तरी तेथील बाजार चालू असतो, आणि आज मिळवलेली तलवार पुढच्या वर्षीही आपल्याच नावावर असते. जेथे मालकी टिकते तेथे बचत येते. जेथे बचत येते तेथे देवघेव येते. आणि देवघेव आली की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरचीचा भाव जसा ठरतो, तसाच तेथे तलवारीचा भाव ठरू लागतो.

हा भाव किती खरा असतो याचे एक उदाहरण सांगते. १९९९ साली अमेरिकेत 'एव्हरक्वेस्ट' नावाचा खेळ निघाला. नॉराथ या काल्पनिक जगात तो खेळला जाई. तेथील नाणी आणि शस्त्रे खेळाडू खेळाबाहेर, लिलावाच्या संकेतस्थळांवर, खऱ्या डॉलरांना विकीत असत. कॅलिफोर्नियातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा यांनी २००१ साली या भावांवरून नॉराथचे दरडोई वार्षिक उत्पन्न काढून पाहिले. ते २,२६६ डॉलर भरले. म्हणजे जगाच्या नकाशावर कोठेही नसलेला हा देश श्रीमंतीच्या क्रमात ७७ वा, साधारणपणे रशियाच्या शेजारी बसला. हा हिशेब करण्याच्या पद्धतीविषयी मतभेद होऊ शकतील. परंतु त्यातून एक गोष्ट निर्विवादपणे दिसते. पडद्यावरील तलवार हातात धरता येत नसली तरी ती मिळवण्यासाठी कोणीतरी आपल्या आयुष्यातील तास खर्च केलेले असतात, आणि विकत घेणारा माणूस त्या तासांचेच मोल देत असतो.

आता तेथे पैसा येतो कोठून आणि जातो कोठे ते पाहू. अंकगणिताच्या पुस्तकातील हौदाचे उदाहरण आपल्याला आठवत असेल. एक नळ हौद भरतो, दुसरा तो रिकामा करतो, तर हौद किती तासांत भरेल? खेळ रचणारे लोकही नेमक्या याच भाषेत विचार करतात. राक्षस मारला की त्याच्याजवळची नाणी मिळतात, हा भरणारा नळ होय. शस्त्र दुरुस्त करण्याची मजुरी, घराची पट्टी, विक्रीवरील कर यांतून नाणी नाहीशी होतात, हा रिकामा करणारा नळ होय. दोहोंचा मेळ बसला तर भाव स्थिर राहतात. भरणारा नळ जोरात सुटला तर नाण्यांचा पूर येतो आणि प्रत्येक नाणे हलके होते.

माझ्या विद्यार्थ्याला सापडलेली फट म्हणजे हौदाला कोणाच्या नकळत पडलेला तिसरा नळ होता. अशा फटी या खेळांइतक्याच जुन्या आहेत. खेळाचे जग एका यंत्रावर मावत नाही, म्हणून ते अनेक यंत्रांवर वाटलेले असते. एका यंत्राच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत आपल्या साथीदाराकडे वस्तू सोपवायची, आणि पहिल्या यंत्राने तो व्यवहार आपल्या वहीत टिपण्याआधीच ते बंद पडेल अशी काही युक्ती करायची. यंत्र पुन्हा सुरू होते तेव्हा त्याच्या वहीत जुनाच हिशेब असतो. वस्तू देणाऱ्याकडेही असते आणि घेणाऱ्याकडेही असते. दोन वह्या, दोन नोंदी, आणि मेहनत मात्र एकाच वस्तूची!

कधी कधी ही फट नुसत्या संख्येत दडलेली असते. अमेरिकेतील ब्लिझर्ड कंपनीचा 'डायब्लो थ्री' हा खेळ २०१२ साली निघाला. त्यात कंपनीने स्वतःचे लिलावघर उघडले होते. तेथे खेळातील सोने खऱ्या पैशाला विकता येई आणि प्रत्येक विक्रीमागे कंपनी आपली दलाली घेई. ७ मे २०१३ रोजी कंपनीने नियमांत एक लहानसा बदल केला. विक्रीसाठी मांडावयाच्या सोन्याचा ढीग पूर्वी १० लाखांचा असे, तो १ कोटीचा केला. त्यामुळे एकाच वेळी प्रचंड रक्कम विक्रीला मांडता येऊ लागली. परंतु हिशेब ठेवणाऱ्या यंत्राच्या त्या रकान्यात २,१४,७४,८३,६४७ याहून मोठी संख्या मावत नव्हती. स्कूटरचा किलोमीटर दाखविणारा आकडा ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो, तसाच काहीसा गोंधळ येथे झाला. रक्कम या मर्यादेपलीकडे गेली की हिशेब चुके, आणि विक्री रद्द करताच थैलीतून गेले त्याहून अधिक सोने थैलीत परत येई. काही तासांतच अब्जावधींचे सोने निर्माण झाले. कंपनीने लिलावघर बंद केले, फट बुजवली, सुमारे चारशे खेळाडूंनी तिचा फायदा घेतल्याचे शोधून काढले आणि त्यांच्या व्यवहारांतून आलेला पैसा मुलांच्या रुग्णालयांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देण्याचे जाहीर केले. पुढे १८ मार्च २०१४ रोजी ते लिलावघरच कायमचे बंद झाले.

हे सर्व वाचताना मला आपल्याच इतिहासातील एका प्रसंगाची आठवण झाली. देवगिरीस राजधानी नेणाऱ्या महंमद तुघलकाने सन १३३० च्या सुमारास चांदीच्या नाण्याच्या मोलाने चालणारी तांब्या-पितळेची नाणी काढली. कल्पना मुळात मूर्खपणाची नव्हती. आज आपण कागदाच्या नोटा याच विश्वासावर वापरतो. परंतु ते नाणे घरबसल्या कोणालाही पाडता येईल, ही फट सुलतानाच्या ध्यानी आली नाही. घरोघरी टांकसाळी निघाल्या, असे त्या काळचा इतिहासकार बरनी लिहितो. शेवटी सुलतानाला ती नाणी परत घेऊन खजिन्यातील सोनेचांदी द्यावी लागली, आणि तुघलकाबादेत तांब्याच्या नाण्यांचे ढीग पडून राहिले. ज्याने घरी नाणे पाडले त्याने शेजाऱ्याच्या घरावर दरोडा घातला नव्हता. तरीही शेजाऱ्याच्या मडक्यातील चांदीच्या बचतीचे मोल अशा नाण्यांमुळे डळमळीत झाल्यावाचून कसे राहील?

चोरीचा हा प्रकार म्हणूनच विलक्षण आहे. चोराचा हात कोणाच्याही पेटीला लागत नाही. सकाळी उठून पेटी उघडावी तर नाणी मोजून तितकीच भरतात. फक्त काल त्या नाण्यांना जे येत होते ते आज येत नाही. २००५ सालच्या ऑगस्ट महिन्यात 'एव्हरक्वेस्ट टू' या खेळात वस्तूंची नक्कल करण्याची अशीच फट सापडली, तेव्हा अवघ्या एका दिवसात तेथील भाव सुमारे २० टक्क्यांनी चढले. एखाद्या खेळाडूने शंभर तास खपून जे साठवले असेल, त्यातील सुमारे सतरा तास त्याच्या नकळत एका रात्रीत वाहून गेले, असाच याचा अर्थ झाला.

येथवर माझे उत्तर सरळ होते. नक्कल म्हणजे खोटे नाणे, आणि खोटे नाणे म्हणजे इतरांच्या श्रमाची चोरी. परंतु पुढे एक असा प्रसंग माझ्या वाचनात आला की, ज्यात कसलीही नक्कल नव्हती आणि यंत्राची बेरीजही चुकली नव्हती.

आइसलंडमधील रेक्याविक येथील सीसीपी ही कंपनी २००३ सालापासून 'ईव्ह ऑनलाइन' हा अंतराळातील व्यापाराचा आणि युद्धाचा खेळ चालवते. तेथील बाजार एवढा विस्तृत की, २००७ साली कंपनीने त्यावर लक्ष ठेवण्यासाठी एयोल्फूर गुडमुंडसन या अर्थशास्त्रज्ञाची नेमणूक केली. २०१२ साली या खेळात एक नवा नियम आला. युद्धात शत्रूचे जहाज नष्ट केले की, ते जहाज आणि त्यातील माल यांच्या किमतीच्या प्रमाणात सैनिकाला बक्षिसाचे गुण मिळावेत, आणि ही किंमत बाजारातील सरासरी भावावरून ठरावी. नियम वाचताना न्याय्यच वाटतो. परंतु पाच खेळाडूंनी त्यातील फट हेरली. ज्या वस्तूला फारसे गिऱ्हाईकच नाही अशी वस्तू त्यांनी गोळा केली आणि ती आपापसात अवाच्या सवा भावाने विकली. सरासरी भाव आकाशाला भिडला. मग तीच वस्तू त्यांनी एका जहाजात भरली आणि शत्रुपक्षात आपल्याच हाती असलेल्या खात्याकडून ते जहाज बुडवले. बक्षिसाचे गुण मिळाले, गुणांचा माल झाला, मालाची नाणी झाली. ही कमाई खेळातील चलनात सुमारे ५ लाख कोटींच्या घरात गेली.

येथे माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न पुरत्या जोराने उभा राहतो. या पाच जणांनी एकही नियम मोडला नव्हता. आपली वस्तू आपल्या मित्राला महाग विकणे हा गुन्हा नाही. जहाज बुडवणे हा तर त्या खेळाचा रोजचा व्यवहार. शिवाय 'ईव्ह'मध्ये खेळाडूंनी एकमेकांना व्यापारात फसवणे हेदेखील बव्हंशी क्षम्य मानले जाते. तेथील जुने खेळाडू नवख्याला 'सावध राहा' एवढेच सांगतात. मग या पाच जणांचेच काय चुकले? कंपनीने फट बुजवली आणि त्यांची कमाई काढून घेतली, ती कोणत्या न्यायाने?

मी यावर पुष्कळ विचार केला. मला जो फरक दिसतो तो असा. एक खेळाडू दुसऱ्याला व्यापारात बनवतो तेव्हा नाणी एका थैलीतून दुसऱ्या थैलीत जातात. हौदातील पाणी तेवढेच राहते. फसलेल्या माणसाला आपण फसलो हे कळते, तो शहाणा होतो, उद्या तो सावध राहू शकतो. बाजाराचा काटा मारून नवेच धन निर्माण करणारा मात्र कोणा एकाला फसवीत नाही. तो हौदातच हात घालतो. त्याचा भार जे सोसतात त्यांना तो प्रतिस्पर्धी म्हणून कधी भेटलेलाच नसतो, आणि सावध राहण्याची संधी त्यांना कधी मिळालेलीच नसते. चतुराई आणि लबाडी यांमधील सीमा पुष्कळदा पुसट असते, हे मला मान्य आहे. परंतु फटीतून आलेल्या धनाची किंमत ती फट ज्याला ठाऊकच नाही अशा माणसाकडून वसूल होत असेल, तर ती सीमा ओलांडली गेली असे समजायला हरकत नाही.

कोणी म्हणेल, दोष कंपनीचा आहे. फट तिने ठेवली, मग खेळाडूला का बोल लावता? या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते झाकण्याचे मला कारण नाही. या जगांत कंपनीच कायदा करते, तीच न्यायाधीश असते आणि तीच दुकानदारही असते. इतके अधिकार एका हाती असतील तर जबाबदारीही तेवढीच मोठी हवी. तिच्या चुकीचा भुर्दंड अनेकदा निरपराध्यांना पडतो. २०२१ च्या नोव्हेंबरात अॅमेझॉन कंपनीच्या 'न्यू वर्ल्ड' या खेळात सोन्याची नक्कल होऊ लागली, तेव्हा कंपनीला खेळाडूंमधील सगळी देवघेवच काही काळ थांबवावी लागली. चार लबाडांपायी सारा बाजार बंद झाला, आणि ज्याने प्रामाणिकपणे माल आणून मांडला होता त्याचेही दुकान मिटले. खेळ काही दिवस मागे नेऊन जुना हिशेब पुन्हा सुरू करणे हा उपाय असतो खरा. परंतु त्याने प्रामाणिक माणसाचे मधले तासही पुसले जातात. 'डायब्लो'च्या वेळी म्हणूनच तो मार्ग टाळला गेला. कुलूप लावणाऱ्याने कुलूप नीट तपासावे, हे खरेच. परंतु शेजाऱ्याच्या दाराची कडी सैल आहे म्हणून आत जाण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. कडी सैल ठेवणाऱ्याचा निष्काळजीपणा वेगळा आणि आत शिरणाऱ्याचे कृत्य वेगळे. पहिल्याने दुसरे धुऊन निघत नाही.

ही सगळी तयारी करून मी त्या मुलाला एके दिवशी पुन्हा बोलावले. परंतु मी काही सांगण्यापूर्वी मी त्याला एकच गोष्ट विचारली, "तुझ्या मित्राने तुला चोर का म्हटले?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग हळूहळू सारे बाहेर आले. त्या मित्राने दोन महिने त्या खेळात गहू पिकवून एका काळ्या घोड्यासाठी नाणी साठवली होती. घोडा विकणाऱ्याशी त्याचा भावही ठरत आला होता. याने आपल्या फुकटच्या नाण्यांनी मागेल ती किंमत देऊन तो घोडा एका संध्याकाळी विकत घेतला, आणि तेव्हापासून घोडे विकणारे तोच भाव मागू लागले. मित्राचे एकही नाणे याने उचलले नव्हते. त्याचे दोन महिने मात्र उचलले होते.

ज्या व्याख्येसाठी मी इतके वाचन केले होते, ती त्या मुलाने अशी दोन वाक्यांत स्वतःच सांगितली. मला वेगळे सांगण्यासारखे काही उरले नाही. मी त्याला फक्त माझ्या धंद्यातील एक अनुभव सांगितला. गेली वीस वर्षे मी मुलांच्या उत्तरपत्रिका तपासत आले आहे. माझ्याकडून बेरजेत चुका होतात. पेपर वाटले की दर वेळी दोन-तीन मुले धावत येतात, "टीचर, माझे चार गुण कमी धरले." ते योग्यच आहे, त्यांचा तो हक्क आहे. परंतु माझ्या चुका नेहमी कमीच्याच बाजूला होत असतील, असे गणिताची शिक्षिका म्हणून मला म्हणता येणार नाही. चार गुण जास्त पडल्याचे सांगायला आलेली मुले इतक्या वर्षांत मी बोटांवर मोजू शकते. त्यांची नावे मात्र मला आजही आठवतात.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाने खेळाच्या चालकांना पत्र लिहून ती फट कळवली. त्याचा परिणाम तो समजत होता त्यापेक्षा कडक झाला. फट बुजवली गेली, परंतु त्याची नाणी गेली, घोडा गेला, आणि त्याने स्वतः मेहनतीने मिळवलेले थोडेफारही त्याच सपाट्यात गेले. आभाराचे एक ठरावीक वाक्य तेवढे आले. हा न्याय झाला का, असे त्याने मला विचारले. पुरता झाला नाही, असेच मला सांगावे लागले. प्रामाणिकपणाचे बक्षीस मिळतेच असे मुलांना शिकवणे म्हणजे त्यांना आणखी एक खोटे नाणे देणे होय.

मात्र आता मधल्या सुट्टीत दोन डबे पुन्हा एकाच बाकावर उघडतात. खेळातील गव्हाचे शेत आता दोघे मिळून पिकवतात, असे ऐकते. घोड्याला अजून अवकाश आहे.